नागपुरात फोर्कलिफ्ट शिकायची तर कुठे? उस्ताद, क्लास की सरकारी कोर्स

बुटीबोरी, हिंगणा, मिहान, वाडीची गोदामं. फोर्कलिफ्ट नीट चालवणाऱ्याला नागपूरच्या आसपास काम शोधत फार हिंडावं लागत नाही. अडतं ते शिकण्यापाशी. बारावी किंवा आयटीआय करून बसलेल्या पोट्ट्यासमोर तीन वाटा असतात. ठेकेदाराच्या ओळखीने हेल्पर म्हणून गोदामात शिरायचं आणि उस्तादाच्या हाताखाली हात बसवायचा. किंवा खासगी क्लासला पैसे भरून थोड्या दिवसांत सर्टिफिकेट घ्यायचं. किंवा लॉजिस्टिक्स सेक्टर स्किल कौन्सिलसारख्या, म्हणजे मालवाहतूक-गोदाम क्षेत्रातलं कौशल्य प्रशिक्षण ठरवणाऱ्या, संस्थेचा अभ्यासक्रम चालवणारं केंद्र गाठायचं. कंपन्यांना चौथी वाटही आहे, मशीन विकणाऱ्या डीलरकडून ट्रेनिंग करून घ्यायची. तिच्याकडे शेवटी येतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कागद कुणाचा आहे हे दुय्यम. सीटवर किती तास बसायला मिळतं आणि त्यातले किती तास काट्यांवर, म्हणजे माल उचलणाऱ्या पुढच्या दोन दांड्यांवर, माल असतो, यावरून ठरवा. कारण नोकरी लागते ती ट्रायलवर.

ट्रायलला काय बघतात

ट्रायल घेणारा बहुतेक वेळा स्टोअरचा नाहीतर मेंटेनन्सचा माणूस असतो. किल्ली हातात देतो आणि बाजूला उभा राहतो. पोरगा थेट सीटवर चढला, की अर्धे मार्क तिथेच गेले. आधी गाडीभोवती फेरी मारायची असते: काट्यांना तडा आहे का, मास्टची (काटे वर-खाली नेणाऱ्या उभ्या चौकटीची) चेन सैल आहे का, टायर कापलाय का, खाली तेल सांडलंय का. मग पट्टा, हॉर्न, ब्रेक. माल उचलल्यावर काटे जमिनीपासून 15 ते 20 सेंटिमीटर वर आणि मास्ट मागे झुकवलेला. वळताना मागचा भाग बाहेर फेकला जातो, कारण स्टिअरिंग मागच्या चाकांना असतं. कार चालवायची सवय असलेला इथेच रॅकचा खांब ठोकतो. उतारावर माल असेल तर काटे चढाच्या दिशेने, म्हणजे चढताना सरळ आणि उतरताना रिव्हर्स. रिकामी गाडी असेल तर उलट, काटे उताराकडे. शेवटी काटे जमिनीला टेकवून, न्यूट्रल करून, हँडब्रेक लावून, किल्ली काढून मगच उतरायचं.

नागपूरच्या उन्हामुळे आणखी एक गोष्ट बघितली जाते. मे महिन्यात बाहेर डोळे दिपवणारा प्रकाश आणि शेडमध्ये अंधार. शटरमधून आत शिरताच काही क्षण काहीच दिसत नाही आणि नेमकी तिथेच हमालांची ये-जा असते. जाणता ऑपरेटर शटरपाशी थांबतो, हॉर्न देतो, डोळे सरावले की पुढे जातो. हे पुस्तकात क्वचितच सापडतं. उस्तादाकडे मात्र नक्की सापडतं.

उस्तादाच्या हाताखाली

या वाटेचा मोठा फायदा म्हणजे खरी जमीन. खड्डे पडलेला कोबा, मोडके पॅलेट, पावसात निसरडा झालेला रॅम्प, घाईत असलेला ट्रकवाला. क्लासच्या स्वच्छ अंगणात यातलं काही नसतं. पैसे भरावे लागत नाहीत, उलट हेल्परचा पगार मिळतो.

तोटा असा की उस्तादाच्या खोडीही फुकट मिळतात. त्यातली सगळ्यात वाईट खोड अनेक गोदामांत दिसते. माल जास्त झाला आणि मागची चाकं उचलायला लागली की दोन हेल्परना मागे काउंटरवेटवर, म्हणजे तोल राखणाऱ्या मागच्या वजनावर, उभं करायचं. मागची चाकं हलकी झाली म्हणजे स्टिअरिंगच हातातून गेलं, हे ना उस्ताद सांगत ना पोरगा विचारत. वर चढलेली माणसं पडली तर चाकाखाली येतात. तसंच पॅलेटवर माणूस उभा करून त्याला ट्यूबलाइट बदलायला वर चढवणं. आणि पट्टा न लावणं. गाडी कलंडायला लागली की माणूस सहज बाहेर उडी मारायला बघतो आणि ओव्हरहेड गार्डखाली, म्हणजे डोक्यावरच्या लोखंडी छताखाली, चेंगरतो. खरं तर पट्टा लावून सीटवरच राहायचं, स्टिअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे आणि गाडी पडतेय त्याच्या उलट बाजूला झुकायचं.

दुसरा तोटा कागदाचा. हजेरीवर तुम्ही हेल्पर आणि प्रत्यक्षात चालवता फोर्कलिफ्ट. काही घडलं की "याला चालवायला कुणी सांगितलं होतं?" असा पहिला प्रश्न येतो. म्हणून हात बसला की नेमणूकपत्रात ऑपरेटर लिहून घ्या. तोंडी भरवशावर वर्षानुवर्षं चालवत राहू नका, भाऊ.

खासगी क्लास

क्लासची जमेची बाजू म्हणजे थिअरी, आणि ती खरोखर लागते. गाडीवरची डेटा प्लेट वाचता येणं हे क्लासमध्ये शिकण्यासारखं आहे. प्लेटवर "2000 किलो, 500 मिमी" लिहिलं असेल, तर 2 टन तेव्हाच उचलता येतात जेव्हा मालाचा मध्य काट्यांच्या टाचेपासून, म्हणजे काटा वर वळतो त्या कोपऱ्यापासून, 500 मिलिमीटरवर असतो. आता आपला नेहमीचा 1000 बाय 1200 मिमीचा पॅलेट घ्या. 1000 ची बाजू काट्यांच्या लांबीवर घेतली तर मध्य 500 वर. 1200 ची लांब बाजू काट्यांच्या लांबीवर घेतली तर 600 वर. पुढच्या चाकांच्या आसापासून काट्यांच्या टाचेपर्यंत साधारण 450 मिमी अंतर धरलं, तर तीच गाडी दुसऱ्या वेळी 1800 किलोच्या आसपासच झेपवते. 1500 मिमी लांबीची पेटी असेल तर 1600 च्याही खाली येते. हा हिशेब अंदाजाचा, शेवटचा शब्द प्लेटचा. पण पॅलेटची बाजू बदलली की क्षमता बदलते, हे एकदा डोक्यात बसलं की पोरगा माल बघूनच सावध होतो. काट्यांची टाच 10 टक्के झिजली तर काटे बदलायचे असतात, हेही कुणीतरी सांगावं लागतं.

आता गणित फीचं. फी विचारण्याआधी बॅचमध्ये किती जण आणि गाड्या किती ते विचारा. एका गाडीवर बारा जण आणि दिवसाला सहा तास प्रॅक्टिकल म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा तास. तीन दिवसांत दीड तास. एवढ्यावर बुटीबोरीतली ट्रायल निघत नाही. सहा जणांची बॅच आणि आठवडाभर प्रॅक्टिकल असेल तर फी जास्त असली तरी परवडते. काट्यांवर खरा माल चढवतात की रिकामे पॅलेट फिरवतात, हे डेमोच्या दिवशी स्वतः जाऊन बघा. गाडी बॅटरीची आहे की डिझेलची, हेही. लेड-ॲसिड बॅटरी चार्जिंगला लावली की हायड्रोजन निघतो, म्हणून हवेशीर जागा हवी, बिडी-सिगारेट दूर हवी आणि डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावर भरायचं. बंद गोदामात डिझेल गाडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा वेगळाच धोका. क्लासवाल्याने यातलं काहीच सांगितलं नाही, तर तो फक्त स्टिअरिंग शिकवतोय.

जाहिरातीत "ओशा सर्टिफाइड" दिसलं तर चार पावलं मागे या. ओशा ही अमेरिकेची सरकारी यंत्रणा आहे आणि ती स्वतः कुणालाही फोर्कलिफ्टचं कार्ड देत नाही. तिथल्या नियमाप्रमाणे ऑपरेटर प्रमाणित करण्याची जबाबदारी मालकाची असते आणि किमान दर तीन वर्षांनी त्याला पुन्हा तपासावं लागतं. म्हणजे नागपुरातल्या क्लासने दिलेल्या त्या कार्डाला अमेरिकेतही तसा अर्थ नाही. आखातात जायचं डोक्यात असेल तरी हेच. दुबईत उतरल्यावर तिथलं फोर्कलिफ्टचं लायसन्स काढावं लागतं. इथला खरा अनुभव मात्र तिथल्या ट्रायलला उपयोगी पडतो.

सेक्टर स्किल कौन्सिलचा कोर्स

इथे अभ्यासक्रम ठरलेला असतो, परीक्षा बाहेरचा परीक्षक घेतो आणि प्रमाणपत्र ऑनलाइन पडताळता येतं. मोठ्या कंपनीच्या एचआरला हे आवडतं. योजनेत बसलं तर फीही लागत नाही. अडचण एवढीच की केंद्राच्या हातात बॅच भरण्याची, निधीची आणि परीक्षेच्या तारखेची दोरी असते, त्यामुळे वाट बघावी लागते. मशीनच्या तासांचा प्रश्न इथेही तोच. अप्रेंटिसशिपसोबत कोर्स मिळत असेल तर ते सगळ्यात चांगलं. स्टायपेंड मिळतो आणि गाडी रोज हातात येते.

आरटीओचं लायसन्स लागतं का?

मोटार वाहन अधिनियम 1988 च्या व्याख्येतून फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायची खास वाहनं वगळली आहेत. त्यामुळे आवाराच्या आत चालवायला कायद्याने आरटीओचं लायसन्स लागत नाही. पण एमआयडीसीत एका शेडमधून समोरच्या शेडमध्ये जाताना मध्ये सार्वजनिक रस्ता असतो. तो ओलांडायचा तर ही सूट संपली. बऱ्याच कंपन्या निदान चारचाकीचं लायसन्स मागतातच. वय मात्र 18 पूर्ण हवं, यात कुणाचीही ओळख चालवू नका.

कंपनीने काय निवडावं

डीलरचं ट्रेनिंग त्याच्या मशीनपुरतं उत्तम असतं. काउंटरबॅलन्स (मागे वजन असलेली नेहमीची फोर्कलिफ्ट) चालवणाऱ्याला रीच ट्रकवर बसवायचं असेल तर तेच घ्या. रीच ट्रकवर ऑपरेटर आडवा बसतो आणि गाडी अरुंद गल्लीत उंच रॅकला भिडते, जुन्या सवयी तिथे कामाच्या नाहीत. पण तुमच्या फ्लोअरवर कुठे आंधळं वळण आहे, ते डीलरला माहीत नसतं. ते तुमच्याच माणसाने शिकवायचं आणि त्याची लेखी नोंद ठेवायची.

ही जबाबदारी ऐच्छिक नाही. कारखाना अधिनियम 1948 च्या कलम 7अ ने कामगाराला माहिती, प्रशिक्षण आणि देखरेख देणं मालकाचं कर्तव्य ठरवलं होतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही मालकाची कर्तव्यं आहेत आणि प्रत्येकाला नेमणूकपत्र देण्याचं बंधन आहे. कारखाना नसलेल्या वाडीतल्या गोदामवाल्यानेही हे वाचावं, कारण दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापना या संहितेत येतात.

माझ्या हिशेबाने नवख्या पोराने अप्रेंटिसशिप मिळत असेल तर तीच घ्यावी. नसेल तर छोट्या बॅचचा क्लास करून हेल्पर म्हणून शिरावं आणि उस्तादाकडून जमीन शिकावी. क्रम हाच ठेवा, आधी क्लास मग उस्ताद, म्हणजे त्याची कुठली सवय उचलायची आणि कुठली सोडायची ते कळेल. पाच वर्षं चालवूनही कागद नसलेल्या ऑपरेटरने पूर्ण कोर्सवर पैसे घालू नयेत. आधीच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय कौशल्य योजनांत आहे, तिची चौकशी करावी. आणि कंपनीने ट्रायल घेताना पोराला रिकामी गाडी फिरवायला न सांगता लांब बाजू काट्यांच्या लांबीवर घेऊन पॅलेट उचलायला सांगावं. तो आधी प्लेटकडे बघतो का, ते पाहावं.