लॅप टाइम कॉम्प्युटरने वाचावा म्हणून: जुन्या कन्सोलच्या रेकॉर्डिंग सेटअपचा काही महिन्यांचा अनुभव

गेम खेळतानाचा व्हिडिओ नुसता मित्रांना पाठवायचा असेल, तर हा उद्योग करू नका. टीव्हीसमोर मोबाइल धरा, काम होतं. पण लॅप टाइम कॉम्प्युटरनेच वाचावा आणि कुठल्या वळणावर किती वेळ गेला ते ग्राफवर दिसावं, ही हौस असेल तर चित्राच्या देखणेपणाचा फार विचार करू नका. प्रत्येक फ्रेम पोचते का, एवढंच बघा. पैसेही त्याच हिशेबाने खर्च करा.

माझ्याकडे एक जपानी सुपर फॅमिकॉम (निन्टेंडोचा जुना कन्सोल) आणि एक चिप मारलेला, म्हणजे परदेशी डिस्कही चालवणारा, पाल (भारत-युरोपातल्या टीव्ही पद्धतीचा) प्लेस्टेशन आहे. खेळ मुख्यतः शर्यतीचे दोनच, ‘सुपर मारिओ कार्ट’ (१९९२) आणि पहिला ‘ग्रॅन टुरिस्मो’ (१९९७).

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात ‘कॅप्चर’ (कन्सोलचं चित्र कॉम्प्युटरवर घ्यायचं साधन) म्हटलं की पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची यूएसबी स्टिक पुढे येते. लग्नाच्या जुन्या कॅसेट उतरवायला ती ठीक आहे. पण हे कन्सोल खेळताना २४०पी सिग्नल देतात, म्हणजे २४० ओळींची प्रत्येक फ्रेम पूर्ण असते, आणि अशी स्टिक त्याला ४८०आय, म्हणजे एका चित्राचे दोन अर्धे भाग, समजते. मग दोन स्वतंत्र फ्रेम एकात विणल्या जातात, सेकंदाला ६०च्या ३० होतात आणि टायमरचे आकडे एकमेकांवर चढतात. आकडे वाचायचे असतील तर इथेच खेळ खल्लास. शिवाय पाल प्लेस्टेशनवर एनटीएससी (जपान-अमेरिकेतल्या टीव्ही पद्धतीची) डिस्क चालवली की कंपोझिट केबलवर, म्हणजे त्या पिवळ्या पिनेवर, चित्र काळंपांढरं येतं, तेही वेगळंच दुखणं.

दोन्हींवर उपाय म्हणजे आरजीबी स्कार्ट केबल (लाल, हिरवा, निळा रंग वेगवेगळा नेणारी) आणि ओएसएससी, म्हणजे जुन्या कन्सोलचा सिग्नल एचडीएमआयवर देणारा डबा. हा डबा कंपोझिट घेतच नाही, त्यामुळे केबल आधी मिळवा. आपल्याकडे टीव्हीला स्कार्ट कधी रुळलंच नाही, म्हणून मला दोन्ही बाहेरून मागवावं लागलं आणि कस्टम्सही भरावी लागली. केबल आल्यावर मात्र रंग जागेवर आले. डबा फ्रेम साठवून ठेवत नाही, लाइन आली की दुप्पट करून पुढे ढकलतो, त्यामुळे खेळताना हाताला उशीर जाणवत नाही. प्रत्येक ओळ पाचपट करणारा लाइन-५एक्स मोड माझ्या कॅप्चर कार्डाने घेतला नाही. २एक्सवर निमूट चालतं आणि आकडे वाचायला तेवढं पुरतं. त्यातली सॅम्पलिंग फेज (डबा प्रत्येक पिक्सेल नेमक्या कुठल्या क्षणी मोजतो ते) मात्र वेळ काढून लावा. ती चुकली की आकड्यांच्या उभ्या कडा थरथरतात. एकदा जमली की प्रोफाइल सेव्ह करून ठेवा.

विजेचं म्हणाल, तर सुपर फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी लागतं आणि त्याची पिन सेंटर निगेटिव्ह, म्हणजे मधला भाग ऋण, असते. दुकानात ‘कुठलाही अडॅप्टर चालेल’ म्हणतात, तो चालत नाही. लॅपटॉपचा चार्जर लावला की चित्रात आडवे पट्टे सरकायला लागतात. चार्जर काढून बॅटरीवर घेतलं की गायब. पावसाळ्यात मुंबईच्या हवेने कार्ट्रिजच्या पिना काळवंडतात, त्यांना आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानातली काडी पुरते.

आता खरी गंमत. सुपर फॅमिकॉम सेकंदाला ६०.०९८८ फ्रेम देतो आणि ओबीएस (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) ६० वर चालतं. म्हणजे साधारण दर दहा सेकंदांनी एक फ्रेम गळणारच. त्याला इलाज नाही आणि त्याने फारसं बिघडतही नाही. त्रास होतो तो कॅप्चर कार्डाची यूएसबी अडखळली की. ओबीएस मागचीच फ्रेम पुन्हा लिहितं, फाइल ऐटीत ‘६० एफपीएस’ सांगते आणि आतला खड्डा दिसत नाही. तो पकडायला मी एफएफव्ही१ मध्ये, म्हणजे काहीही न गमावता, रेकॉर्ड करतो आणि एफएफएमपेग या व्हिडिओच्या प्रोग्रामकडून प्रत्येक फ्रेमचा एमडी५ (तिच्या डेटाचा बोटाच्या ठशासारखा आकडा) काढून घेतो. ॲनालॉग सिग्नलमध्ये थोडी तरी खरखर असतेच, त्यामुळे दोन खऱ्या फ्रेम बिट-टू-बिट सारख्या जवळजवळ कधीच येत नाहीत. सारख्या आल्या, तर ती नक्कल समजायची. ‘ग्रॅन टुरिस्मो’ शर्यतीत स्वतःच ३० फ्रेमने चित्र बदलतो, तरी ही युक्ती तिथेही चालते. फाइल मात्र राक्षसी होतात. आकडे काढून झाले की मी त्या उडवतो.

ओबीएसमध्ये कलर फॉरमॅट मुळात एनव्ही१२ असतो, तो रंगाची माहिती कमी करून ठेवतो. म्हणून तो प्रत्येक पिक्सेलचा रंग ठेवणारा आय४४४ करा. नाहीतर रंगीत आकडे शेजारच्या पिक्सेलमध्ये फुटतात.

वाचनासाठी आधी टेसरॅक्ट हे अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर लावलं. ते कागदावरच्या मजकुरासाठी बनलंय, पिक्सेलच्या ८ ला सर्रास ३ म्हणतं. या खेळांत आकड्यांचा साचा आणि जागा ठरलेली असते, मग ओळखायचं कशाला, जुळवूनच बघायचं. ० ते ९ ची दहा छोटी चित्रं कापली, ओपनसीव्ही या चित्रं तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या टेम्प्लेट मॅचिंगला दिली, काम फत्ते. मारिओ कार्टमध्ये लॅप संपली की ढगावरचा लाकिटू पाटी घेऊन येतो. तीच माझी लॅपची खूण. तो झुलत असतो, म्हणून त्याला मोठ्या चौकटीत शोधावं लागतं आणि तेवढा भाग हळू चालतो.

एवढं करून मिळालं काय? मी आणि माझा भाचा एकाच ट्रॅकवर पाच-पाच लॅप मारतो आणि तो जिंकतो. मला वाटायचं, त्याचा हात तरुण आहे. ग्राफ वेगळंच सांगत होता. त्याची पहिली लॅप माझ्यापेक्षा हळू, कारण तो वाकडा जाऊन नाणी गोळा करतो. या खेळात दहा नाण्यांपर्यंत प्रत्येक नाण्यागणिक गाडीचा कमाल वेग वाढतो. दुसऱ्या लॅपपासून तो मला सरळ रस्त्यावरच मागे टाकत होता आणि मी मात्र वळणं घोटत बसलो होतो. त्याला ग्राफ दाखवला तर म्हणाला, ‘‘मामा, हे मला विचारलं असतंस तरी सांगितलं असतं.’’