कन्व्हर्स ऑल स्टार जे, हाय कट: अख्खा पावसाळा घालून झाल्यावर

स्पेक्स लिहीत बसत नाही. ऑल स्टार कसा दिसतो ते सगळ्यांना माहीत आहे, ज्याला माहीत नाही तो हे वाचायला येणारही नाही. 'जे' म्हणजे जपानमध्ये बनवलेला, एवढं धरून चला. किंमत साध्या ऑल स्टारच्या दुपटीच्या आसपास. हो, दुप्पट. दुकानात दोन्ही खोकी शेजारी ठेवून मी इतका वेळ बघत होतो की तो सेल्समन दोनदा येऊन 'काही मदत हवी का' विचारून गेला.

लिहायला बसलो त्याला कारण माझे दुसरे बूट. कंपनीचं नाव घेत नाही, पण रनिंगचे, जाड मऊ सोलवाले, घेतले तेव्हा चांगलेच महाग. उन्हाळाभर कपाटात होते, पावसाची चिन्हं दिसली म्हणून बाहेर काढले, घालून स्टेशनपर्यंत गेलो, तर जिन्यावर उजव्या पायाखालचा सोल मागून सुटला आणि त्यातून शेवेच्या चुऱ्यासारखा भुगा पडायला लागला. ऑफिसला जायच्या गर्दीत मी एक पाय फरफटत चाललोय. सर्व्हिसला फोन केला तर म्हणे पॉलियुरेथेन आहे, दमट हवेत आपोआप विघटन होतं, वापरा नाहीतर ठेवा, ते होणारच, वॉरंटीत बसत नाही. म्हटलं, अहो पण मी फारसे घातलेच नाहीत! तर त्यावर परत तेच पाठ केलेलं वाक्य, फक्त जास्त आदरार्थी. जपानीत नकार इतका गोड मिळतो की भांडायची पण सोय राहत नाही.

तर त्या रागात हे घेतले. डोक्यात एकच होतं, की सोल निघता कामा नये.

आणि इथेच या बुटाचे पैसे आहेत, असं माझं मत झालंय. कॅनव्हास चांगला आहे, शिलाई सरळ आहे, ते सगळं ठीक, पण खरी गोष्ट म्हणजे कॅनव्हास आणि रबर जिथे भेटतात तो जोड. हल्लीचे बहुतेक स्नीकर्स म्हणजे वरचा भाग वेगळा, सोल वेगळा, मध्ये गोंद. यात तसं नाही. साच्यावर चढवलेल्या कॅनव्हासभोवती कच्च्या रबराची पट्टी हाताने ओढून गुंडाळतात, रोलरने दाबत जातात, आणि मग साच्यासकट बूट गाड्यावर लावून भट्टीत ढकलतात. भट्टी म्हणजे मोठा बंद कुकरच, आत उष्णता आणि दाब. साधारण 120 डिग्रीला तासाभराच्या वर. रबरात गंधक मिसळलेलं असतं, ते तापल्यावर रबराच्या साखळ्या एकमेकींना बांधते आणि मऊ चिकट रबर कायमचं लवचिक होऊन बसतं. चार्ल्स गुडइयरने 1839 मध्ये शोधलं ते हेच, व्हल्कनायझेशन. म्हणजे तंत्र नवीन अजिबात नाही. शाळेत पी.टी.ला आपण घालायचो ते पांढरे कॅनव्हासचे बूटही बहुतेक असेच तापवून बनलेले असायचे. पुण्याहून भावाने फोटो बघून लगेच टोमणा मारला, 'पी.टी.च्या बुटाला एवढे पैसे?' चुकीचं नाही बोलला तो. पण पी.टी.च्या बुटाची पट्टी दिवाळीपर्यंत तोंड उघडायची हे तो सोयीस्कर विसरला.

माझ्या जोडाचं बोलायचं तर संपूर्ण जून आणि अर्धा जुलै हे बूट रोज ओले झालेत. इथल्या त्सुयुत, म्हणजे जपानच्या पावसाळ्यात, पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, दिवसभर नुसता चिकचिक करत राहतो, बूट वाळतच नाहीत, हवा इतकी दमट की कपाटातल्या बेल्टला बुरशी. तरी पट्टी कुठेही सुटलेली नाही. बोटं वाकतात तिथली जागा, जिथे सगळ्या बुटांचं पहिलं तोंड उघडतं, तिथे नख घालून बघितलं, नख आत जात नाही. दर रविवारी तपासतो. बायको म्हणते एवढी काळजी गाडीची कधी घेतली नाहीस.

'हँडमेड' शब्दावर माझा विश्वास नव्हता आणि अजूनही पूर्ण नाही. शिलाई मशीनवरच होते, रबराच्या शीटही मोठ्या रोलरमधूनच निघतात. माणसाचा हात लागतो तो मुख्यतः या पट्टीत आणि पुढच्या रबरी टोपीत. आणि ते दिसतं बरं का. पट्टीची दोन टोकं आतल्या बाजूला एकावर एक येतात, ती जागा माझ्या डाव्या आणि उजव्या बुटात अगदी सारखी नाहीये, साधारण तांदळाच्या दाण्याएवढा फरक. पहिल्यांदा दिसलं तेव्हा एवढे पैसे देऊन हे काय म्हणून चिडलो, परत न्यायचा विचारही केला. मग डोक्यात आलं की मशीनने चिकटवलं असतं तर फरक आला नसता, म्हणजे हे कोणीतरी खरंच हाताने गुंडाळलंय. आता ती जागा मी लोकांना मुद्दाम दाखवतो. लोकांना काही फरक पडत नाही.

हे बनतात कुरुमेला. फुकुओका प्रांतातलं गाव, चिकुगो नदीकाठी. गेल्या हिवाळ्यात क्युशूला फिरायला गेलो तेव्हा तिथे उतरलो होतो, बुटांसाठी नाही, रामेनसाठी, तोन्कोत्सु रामेनचं मूळ गाव हेच मानतात. स्टेशनबाहेर एक अवाढव्य टायर ठेवलेला आहे. ब्रिजस्टोन इथलीच ना, 1931 ची. पण टायरच्या आधी या गावात तबी शिवायचे, म्हणजे अंगठा वेगळा असलेले ते जपानी कापडी मोजे. मूनस्टार कंपनी 1873 साली कुराता उन्पेई नावाच्या माणसाच्या तबीच्या दुकानातून सुरू झाली, ब्रिजस्टोनच्या इशिबाशींचं घराणंही तबीवालंच. 1920 च्या दशकात दोघांनी तबीला खालून रबराचा सोल लावून मजुरांसाठी जिका-तबी काढल्या, त्या तुफान खपल्या, आणि तिथून गाव रबराचं झालं. कापडाला रबर कसं धरवायचं हे गाव शंभर वर्षं करत आलंय, म्हणून अमेरिकन बूट तिथे बनतो यात नवल वाटायचं कारण नाही.

अमेरिकन म्हणजे काय, तीही गंमतच आहे. ऑल स्टार आला 1917 मध्ये, बास्केटबॉलसाठी, मॅसॅच्युसेट्सच्या कंपनीकडून. 2001 मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं, अमेरिकेतला कारखाना बंद, 2003 मध्ये नाइकीने सुमारे 30 कोटी 50 लाख डॉलरला घेतली. पण जपानमधला ट्रेडमार्क गेला इतोचू या जपानी व्यापारी कंपनीकडे. त्यामुळे इथल्या दुकानात मिळतो तो कन्व्हर्स आणि पुण्या-मुंबईत मॉलमध्ये मिळतो तो कन्व्हर्स, नाव एक, तारा एक, मालक वेगळे. तुमच्याकडचा चक 70, म्हणजे ऑल स्टारचाच जुन्या धाटणीचा भाऊ, इथे दुकानात मिळत नाही आणि इथला 'जे' तुमच्याकडे मिळत नाही. टोकियोतल्या निशी-कासाईत आपली बरीच भारतीय मंडळी आहेत, त्यातल्या एकाशी यावरून पैज लागली होती, त्याला वाटत होतं मी फेकतोय. त्याचा समोसा मी खाल्ला. अमेरिकेत अमेरिकन कंपनीचा कारखाना बंद पडला आणि तोच डब्बा बूट जुन्या पद्धतीने, टाचेच्या लेबलवर मेड इन जपान लिहून, तबी शिवणाऱ्यांच्या गावात निघतोय, हे मला अजून पचलेलं नाही.

आता तक्रार. आणि ही मोठी आहे, निदान माझ्यासाठी.

लेस.

हाय कट बूट, घोट्याच्या वरपर्यंत भोकं, आणि देश कुठला तर जिथे दर अर्ध्या तासाने बूट काढावे लागतात! घरात तर काढतोच, ते आपल्याकडेही आहे. पण दातांचा डॉक्टर, काढा. कपड्याच्या दुकानातली ट्रायल रूम, काढा. देऊळ, काढा. मुलीच्या शाळेत पालकसभा, काढा आणि त्या निसटणाऱ्या चपला घाला. गेल्या महिन्यात ऑफिसची पार्टी तातामीवाल्या, म्हणजे चटयांवर बसायच्या, इझाकायात (जपानी पबमध्ये) होती, सगळे जपानी लोक टाचेवर टाच ठेवून दोन सेकंदात वर चढले, बूट कसे काढले कळलंही नाही. मी पायरीवर बसून गाठ सोडतोय, वरची लेस सैल करतोय, मग खालची, मग जीभ ओढतोय, आणि मागे आमचे बुचो, म्हणजे विभागप्रमुख, माझी वाट बघत उभे. 'युक्कुरी' म्हणाले, सावकाश होऊ द्या. त्याचा अर्थ काय तो मला माहितीये. निघताना परत तोच कार्यक्रम, आणि तेव्हा पोटात बिअर.

बरं, लेस सुती आहेत. सुती लेस चांगल्या, गाठ सुटत नाही, दिसायलाही भारी, पण गाठ सुटत नाही म्हणजे हवी तेव्हाही सुटत नाही. पावसात भिजल्यावर तर दातांनी सोडवायची वेळ येते. ज्या गावात शाळेतल्या मुलांचे उवाबाकी, म्हणजे शाळेच्या आत घालायचे बूट, बनतात, ज्यात पाय नुसता सरकवला की झालं, जिथे तबीला मागे धातूचे चपटे हूक असतात, झटपट लावा, झटपट काढा, त्या गावाने एवढं सुंदर काम करून शेवटी माझ्या पायाला हे कोडं घातलं. डिझाइनच तसं आहे, मान्य आहे, 1917 साली कोर्टवर उतरताना एकदा बांधली की मॅच संपेपर्यंत सोडायची नसायची. पण मी मॅच खेळत नाही, मी दातांच्या डॉक्टरकडे जातो.

बायकोचा प्रश्न साहजिक, मग लो कट का नाही घेतला. कारण लो कटला घोट्यावरचा तो गोल ताऱ्याचा बिल्ला नसतो, आणि बिल्ला नसेल तर ऑल स्टार कशाला घ्यायचा. या विषयावर आमच्याकडे आता चर्चा बंद आहे.

सध्या करतो काय, तर वरची दोन भोकं रिकामी सोडली आहेत, गाठ जरा सैल, आणि खिशात छोटं शूहॉर्न. त्याने वेळ अर्धा झालाय. लवचिक लेस लावायचा सल्ला खूप जणांनी दिला, लावून बघितल्या, बुटाचं रूपच गेलं, काढून टाकल्या.

आधी लिहिणार होतो की बूट कडक आहे आणि कुशन नाही, दोन स्टार कापतो. पहिले काही आठवडे तसंच वाटत होतं, तळ सपाट, वजन रनिंगच्या बुटापेक्षा चांगलंच जास्त, संध्याकाळी पोटऱ्या भरून यायच्या. हंड्रेड-येन शॉपमधून जेलचा इनसोल आणून टाकला. मग पाऊस सुरू झाल्यावर तो इनसोल ओला होऊन वास मारायला लागला म्हणून काढला, आणि काढल्यावर लक्षात आलं की आता त्याची गरज नाही, बोटांपाशी रबर छान वाकायला लागलंय, कॅनव्हास पायाच्या आकारावर बसलाय. तर ते दोन स्टार परत. पण ज्याला चवड्याला आधार लागतो, गुडघे दुखतात, त्याने यात पडू नये. दिवसभर उभं राहायचं काम असेल तरी नको.

साइझ जपानी सेंटिमीटरमध्ये घ्या आणि घालून बघा, रनिंगच्या बुटापेक्षा मला अर्धा साइझ खाली लागला. धुवायचं तर कोमट पाणी, ब्रश, सावलीत वाळवणं. मशीनमध्ये टाकू नका. उन्हात ठेवलात तर रबर पिवळं पडतं. पांढरा घेतलात तर पहिल्याच पावसानंतर तो पांढरा राहत नाही, मी काळा घेतला, काळा आता जरासा राखाडी झालाय, मला आवडतो.

आता पैशाचं, कारण शेवटी तेच. माझी चाल अशी की टाचेची बाहेरची बाजू आधी झिजते, सगळ्या बुटांची. इथे तोच सोल भट्टीत कॅनव्हासशी एकजीव झालेला असल्यामुळे चामड्याच्या बुटासारखा खालचा थर काढून नवा ठोकता येत नाही. स्टेशनमधल्या दुरुस्तीवाल्याने बघून हात जोडले. दुसऱ्याने सांगितलं की होईल, सोल कापून नवा लावतो, आणि जो आकडा सांगितला त्यात साधा ऑल स्टार नवा येऊन वर चहा झाला असता. म्हणजे जो जोड सुटत नाही म्हणून मी दुप्पट पैसे दिले, तोच सुटत नाही म्हणून दुरुस्ती नाही. पैसे वसूल करायचे तर झीज थांबवणं हाच मार्ग, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून बुटाच्या सोलला लावायची काळी रबरी पेस्ट आणली, टाचेला थर दिला, रात्रभर वाळवला. दिसायला बेकार आहे पण खालून कोण बघतंय. महिन्याभराने अर्धी उडाली, परत लावली. ट्यूबमध्ये अजून बरीच शिल्लक आहे.

पाचपैकी चार. एक स्टार लेसचा, तो परत मिळणार नाही. भाऊ, वाचत असशील तर साइझ सेंटिमीटरमध्ये कळव आणि पैसे आधी पाठव, येनचा भाव सध्या बरा आहे.