खोक्यावर ‘ओआरएस’, आत साखरेचं पाणी

रात्री दोनला लेक उठली ती पोट धरूनच. गुडघे छातीशी घेतलेले, बोट बेंबीवर. तीन वर्षांचं मूल याहून जास्त काय सांगणार? थोड्या वेळात जुलाब सुरू झाले.

जुलाबात ओआरएस, म्हणजे अंगातलं गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढणारं मीठ-साखरेचं पाणी, द्यायचं एवढं मला ठाऊक होतं. दोन खोकी घरात आणूनच ठेवलेली. दर्शनी बाजूला ठळक अक्षरांत ओआरएस, शेजारी हसरं बाळ. चव गोड, त्यामुळे तीही मागून मागून प्यायली. पहाटेपर्यंत दोन्ही संपली. जुलाब मात्र वाढले, पोट नगाऱ्यासारखं फुगलं. मला वाटलं, आजारच जोरात आहे.

सकाळी डॉक्टरांनी विचारलं, काय पाजलंत? रिकामं खोकं पिशवीत होतं, ते दिलं. त्यांनी ते उलटं केलं आणि एका ओळीखाली नख फिरवलं. मुंगीएवढी अक्षरं : ‘जुलाबात वापरू नये.’ त्याखाली 200 मिलीत साखर 24 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरभर ओआरएसला ग्लुकोज 13.5 ग्रॅम असतं. म्हणजे 200 मिलीला 2.7. मी जवळजवळ नऊपट गोड पाजत होते! जास्तीची साखर आतड्यात पाणी ओढते, मग जुलाब थांबतील कसे?

दुकानदार म्हणाला, “लिहिलंय की त्यावर, ताई.” लिहिलेलं होतंच. हीच तर गोम.

आता ओआरएसची पुडीच आणते, तीही मागची बाजू वाचून : ग्लुकोज 13.5, मीठ 2.6, पोटॅशियम क्लोराइड 1.5, सोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम. लिटरची पुडी लिटरभर पाण्यातच. अंदाजाने अर्धी पुडी पेल्यात ढवळायची, हा उद्योग मीही केलेला आहे, तो नको. चमच्या-चमच्याने पाजायचं, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. उरलेलं 24 तासांनी ओतून टाकायचं. पण दुखणं उजवीकडे खाली सरकलं, उलटी हिरवी झाली, शौचात रक्त दिसलं किंवा मूल मरगळून लघवीच होईना, तर चमचा खाली ठेवून थेट दवाखाना.

लेक बरी आहे. पुडीचं पाणी दिलं की तोंड वाकडं करते आणि म्हणते, “ते गोडवालं दे ना.”