ब्लॉगस्पॉट की होस्टिंगवालं वर्डप्रेस? मराठीत ब्लॉग काढून कमवायचं असेल तर

माझी मावसबहीण नाशिकला शिवणाचे क्लास घेते, बारा-तेरा वर्षं झाली असतील, आणि कटोरी ब्लाऊजचं कटिंग तिच्याइतकं सोपं करून सांगणारं मी तरी कुणी बघितलेलं नाही. तिला आता ब्लॉग काढायचाय आणि त्यातून महिन्याला काहीतरी हातात यायला हवं हे तिने पहिल्याच वाक्यात सांगितलं. मला ते आवडलं, कारण बरेच जण हे बोलायला लाजतात आणि दोन वर्षांनी हळूच विचारतात की यातून पैसे कसे मिळतात गं. "ताई, ब्लॉगस्पॉटवर फुकट काढू की होस्टिंग घेऊन वर्डप्रेस करू?" एवढाच तिचा प्रश्न. मी रेसिपींचा ब्लॉग २०१२ ला ब्लॉगस्पॉटवर चालू केला आणि २०१९ ला वर्डप्रेसवर नेला, म्हणजे दोन्ही घरी नांदून झालंय, म्हणून तिला फोनवर तुकड्यातुकड्यात जे सांगितलं ते इथे सलग लिहिते.

आधी एक घोळ मिटवू. वर्डप्रेस नावाच्या दोन गोष्टी आहेत. वर्डप्रेस डॉट कॉम ही कंपनीने चालवलेली सेवा आहे, तिथला फुकटचा प्लॅन घेतला तर जाहिराती त्यांच्या दिसतात, तुमची अ‍ॅडसेन्स, म्हणजे गुगलची जाहिराती लावून पैसे देणारी सेवा, तिथे लावता येत नाही. आणि वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून मिळतं ते नुसतं सॉफ्टवेअर, तेही फुकटच, पण ते ठेवायला जागा तुम्ही भाड्याने घ्यायची, तीच होस्टिंग. कमाईसाठी लोक वर्डप्रेस म्हणतात ते हे दुसरं, आणि मी पुढे सगळीकडे त्याच्याबद्दलच बोलतेय.

वयाने दोघं फार लांब नाहीत. ब्लॉगर, म्हणजे ज्याला आपण ब्लॉगस्पॉट म्हणतो ते, १९९९ चं, पण गुगलने ते घेतलं फेब्रुवारी २००३ मध्ये, त्याच वर्षी मे महिन्यात मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती काढली आणि जूनमध्ये अ‍ॅडसेन्स आलं. पुढे मात्र वाटा वेगळ्या झाल्या, आज जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट वर्डप्रेसवर आहेत आणि ब्लॉगरला शेवटचं मोठं नवं रूप मिळालं ते २०२० मध्ये. ब्लॉगर उद्या बंद पडेल असं मी म्हणत नाही, पण गुगलने रीडर २०१३ ला आणि गुगल प्लस २०१९ ला बंद केलेलं आपण पाहिलंय, त्यामुळे सगळी मेहनत जिथे ठेवणार तिथल्या मालकाचं लक्ष किती आहे हे बघायलाच हवं.

पैसे आधी किती घालायचे

ब्लॉगस्पॉटला खर्च शून्य. होस्टिंग नाही, सिक्युरिटी सर्टिफिकेट नाही, एखादी पोस्ट अचानक व्हायरल झाली तरी साइट झोपत नाही कारण सर्व्हर गुगलचा. फोटोंची जागा तुमच्या गुगल अकाउंटच्या १५ जीबीमधली, म्हणजे मोबाईलचा सगळा बॅकअप त्याच अकाउंटवर असेल तर लवकर भरते, म्हणून ब्लॉगला वेगळा जीमेल ठेवा.

वर्डप्रेसला डोमेन, म्हणजे साइटचा स्वतःच्या नावाचा पत्ता, आणि होस्टिंग असा दुहेरी खर्च. इथे एक जागा आहे जिथे नवीन माणूस फसतो. जाहिरातीत महिन्याचा जो आकडा मोठ्या अक्षरात असतो तो बहुतेक वेळा तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरलेत तरच असतो, त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा, आणि मुदत संपली की रिन्यूअलचा दर बराच वर जातो. मी पहिल्यांदा घेतलं तेव्हा रिन्यूअलचा दर बघितलाच नव्हता आणि पुढचं बिल आलं तेव्हा ब्लॉगची कित्येक महिन्यांची कमाई त्यात गेली. होस्टिंग घेताना पहिल्या वर्षाचा दर बघूच नका, दुसऱ्या वेळी किती भरावे लागतील तेवढं विचारा.

जाहिरातीचे पैसे

इथे बहिणीचा मोठा गैरसमज होता की वर्डप्रेसवर अ‍ॅडसेन्स जास्त देतं. तसं काही नसतं. अ‍ॅडसेन्स दोन्हीकडे तेच, नियम तेच. कमाई १० डॉलर झाली की पत्त्यावर साध्या टपालाने पिन असलेलं पत्र येतं, तो पिन चार महिन्यांत टाकला नाही तर जाहिराती दिसायच्या थांबतात, म्हणून पत्ता लिहिताना बिल्डिंग, मजला, जवळची खूण सगळं नीट लिहा आणि पोस्टमनला सांगून ठेवा. १०० डॉलर पूर्ण झाले की पुढच्या महिन्यात २१ ते २६ तारखेच्या दरम्यान पैसे निघतात. मला पहिले १०० डॉलर व्हायला दीड वर्ष लागलं होतं, तेही आठवड्याला एक पोस्ट न चुकता टाकून, हे मी तिला मुद्दाम सांगितलं कारण तिसऱ्या महिन्यापासून पैसे यायला लागतील असं तिच्या डोक्यात होतं.

अ‍ॅडसेन्स मराठीला अधिकृतपणे चालायला लागलं २०१८ मध्ये. आता मान्यता मिळते, पण मराठी पानावर जाहिरातदार इंग्रजीइतकी बोली लावत नाहीत, एका क्लिकचे पैसे कमीच. वाचक कुठे बसलाय त्यावरही खूप अवलंबून असतं. माझ्या उकडीच्या मोदकांच्या पोस्टवर अमेरिका आणि इंग्लंडमधून जे मराठी लोक येतात ते संख्येने थोडे, पण त्या थोड्या लोकांकडून जाहिरातीचे जे पैसे येतात ते इथल्या कितीतरी जास्त लोकांच्या बरोबरीने. म्हणून तिला म्हटलं की नुसत्या जाहिरातीच्या भरवशावर राहू नकोस, ती वरकमाई समज. आणि आता गुगल स्वतःच वर उत्तर देऊन टाकतं, एआयवालं, भारतात ते ऑगस्ट २०२४ मध्ये आलं, त्यामुळे "चोळी म्हणजे काय" असल्या प्रश्नांवर आता कोण तुमच्या पानापर्यंत येणारे. येतील ते ३६ छातीच्या ब्लाऊजला मुंढा किती घ्यायचा याचा तक्ता आणि तुझ्या हाताचे फोटो बघायला, आणि हे ब्लॉगस्पॉटला जेवढं लागू तेवढंच वर्डप्रेसला.

मराठी लिहिताना दोन्हीकडे काय त्रास होतो

हे इंग्रजी व्हिडिओत कुणी सांगत नाही. ब्लॉगस्पॉटवर शीर्षक देवनागरीत दिलं की पोस्टचा पत्ता आपोआप "ब्लॉग-पोस्ट" आणि पुढे एक नंबर असा रोमन अक्षरांत बनतो, कारण तो देवनागरी अक्षरं गाळून टाकतो. माझ्या जुन्या शंभरेक पोस्ट अशाच आहेत, पत्त्यावरून पुरणपोळी आहे की थालीपीठ काही कळत नाही. वर्डप्रेस उलट करतं, पत्ता देवनागरीतच ठेवतं, दिसायला सुंदर, पण तोच पत्ता कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक रांग होते, लोकांना वाटतं व्हायरस आहे. शिवाय एका अक्षराची आत नऊ चिन्हं होतात आणि वर्डप्रेसची मर्यादा २०० ची, म्हणजे काना-मात्रा धरून बावीसेक अक्षरांनंतर पत्ता मध्येच तुटतो. दोन्हीकडे उपाय एकच, पोस्ट पब्लिश करायच्या आधी पत्ता हाताने छोट्या रोमन अक्षरांत टाकायचा.

शोधायचंही तसंच. कोणी ब्लाऊज लिहितं, कोणी ब्लाउज, कोणी रोमनमध्ये "कटिंग कशी करायची" टाइप करतं, शीर्षक शुद्ध ठेवा पण मजकुरात हे वेगवेगळे शब्द सहज येतील असं लिहा. फॉन्टच्या मागे फार लागू नका, अँड्रॉइड फोनमध्ये देवनागरी आधीपासून असतेच, हवाच असेल तर मुक्त नावाचा फॉन्ट चांगला आहे, पण जाड-बारीक अशा चार-चार वजनांचे फॉन्ट लोड केले की खेड्यातल्या नेटवर्कवर पान उघडेपर्यंत माणूस निघून जातो. ओळींमध्ये अंतर जास्त ठेवा, मात्रा आणि उकार एकमेकांना चिकटले की वाचताना डोळे दुखतात.

सांभाळणार कोण

माझ्या मते सगळ्यात जड मुद्दा हा, आणि याच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. ब्लॉगस्पॉटवर तुम्ही फक्त लिहायचं. वर्डप्रेसवर थीम (साइटचं रूप), प्लगइन (वरून जोडायच्या छोट्या सोयी), वर्डप्रेस स्वतः, सगळ्याचे अपडेट सतत येत राहतात, ते करायचे, करायच्या आधी बॅकअप घ्यायचा, आणि एखाद्या अपडेटने साइट पांढरी पडली तर रात्री अकरा वाजता बसून शोधायचं की कुणामुळे. माझ्या साइटवर एक प्लगइन वर्षभर तसंच जुनं पडून राहिलं, त्यातून कोणीतरी आत शिरलं आणि माझ्या पत्त्यावर जुगाराची शेकडो पानं तयार झाली, मला कळलं ते सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे आपली साइट गुगलच्या शोधात कशी दिसते ते दाखवणाऱ्या गुगलच्याच पानावर. साफ करायला तीन आठवडे गेले, गुगलवर पाने परत वर यायला त्याहून जास्त. त्या काळात मी एक अक्षर नवीन लिहू शकले नाही आणि रोज रडायला यायचं. घरात किंवा ओळखीत हे बघणारं कोणी नसेल, तुम्हाला स्वतःला शिकायचीही आवड नसेल, तर वर्डप्रेस घेण्याआधी दहादा विचार करा.

मग मी तिकडे गेलेच का? रेसिपीसाठी. गुगलच्या शोधात फोटो, लागणारा वेळ, स्टार असं जे रेसिपीचं कार्ड दिसतं त्यासाठी पानाच्या आत ठराविक पद्धतीने माहिती भरावी लागते, वर्डप्रेसवर प्लगइन ते करून देतं, ब्लॉगस्पॉटवर प्रत्येक पोस्टला हाताने कोड लिहायला लागायचा. रेसिपीवाल्यांना मी आजही पहिल्या दिवसापासून वर्डप्रेसच सांगेन. तसंच कोर्स, पुस्तकं, वस्तू अशा बऱ्याच गोष्टी साइटवरूनच विकायच्या असतील तरी वर्डप्रेस, कारण दुकान, कूपन, पीडीएफ आपोआप पाठवणं हे सगळं तिथे जमतं. दोन-तीनच पॅटर्न विकायचेत तर ब्लॉगस्पॉटच्या पानावर पेमेंट लिंक लावून, यूपीआयने पैसे घेऊन पीडीएफ मेल केली तरी भागतं. अमेझॉनच्या लिंक दोन्हीकडे चालतात, कात्री, टेप, मशीनची बॉबिन, फक्त लिंकवरून गेलेल्याने साधारण २४ तासांत घेतलं तरच कमिशन, आणि कमिशनची लिंक आहे हे वाचकाला स्पष्ट लिहायचं, ते योग्यही आहे आणि नियमही.

आणि मग एका घरातून दुसऱ्या घरात

माझी खरी चूक इथे झाली. सात वर्षं मी नुसत्या ब्लॉगस्पॉटच्या पत्त्यावर लिहीत राहिले, स्वतःचं डोमेन घेतलं नाही, वर्षाचे काही शे रुपये वाचवले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये, गणपतीच्या तोंडावर, वर्डप्रेसवर नवीन डोमेन घेऊन गेले आणि मग कळलं की ब्लॉगस्पॉटचा जुना पत्ता दुसऱ्या साइटकडे कायमचा वळवायची नीट सोयच नाही. गुगलच्या नजरेत मी कालची नवीन मुलगी. मोदकांचा अख्खा सीझन गेला, वर्षातली सगळ्यात जास्त वर्दळ तेव्हाच असते. वर बॅकअपच्या फाइलमध्ये फोटो येत नाहीत, नुसत्या त्यांच्या लिंक येतात, हेही तेव्हाच समजलं.

डोमेन पहिल्या दिवसापासून स्वतःचं असतं तर हे झालंच नसतं. ब्लॉगस्पॉटला स्वतःचं डोमेन फुकट जोडता येतं, डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेन कुठल्या साइटकडे न्यायचं ते सांगणाऱ्या सेटिंगमध्ये, सीनेम नावाच्या दोन नोंदी करायच्या, बस. पुढे वर्डप्रेसवर जाताना डोमेन तेच राहतं आणि वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये पत्त्याची रचना वर्ष, महिना, पोस्टचं नाव आणि शेवटी डॉट एचटीएमएल अशी ठेवली की जुने पत्ते जसेच्या तसे चालतात. म्हणजे आजचा निर्णय आयुष्यभराचा राहत नाही, दोन वर्षांनी बदलता येतो. ज्याला कोणाला हे निवडायचंय त्याला मी एकच आग्रह करेन, ब्लॉगस्पॉट की वर्डप्रेस यावर महिनाभर डोकं खपवण्याआधी डोमेन घ्या, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर, साइट बनवून देणाऱ्या मुलाच्या नावावर अजिबात नाही.

बहिणीसाठी मी ब्लॉगस्पॉट अधिक स्वतःचं डोमेन असं सांगितलं. घरात टेक्निकल बघणारं कोणी नाही, दिवसभर क्लास, रात्रीचा तासभर काय तो हातात, आणि तो तास अपडेट करण्यात घालवण्यापेक्षा तिने लिहिण्यात घालवलेला बरा. तीस-चाळीस पोस्ट झाल्या आणि पॅटर्नच्या ऑर्डर हाताने पाठवणं डोईजड व्हायला लागलं की मग वर्डप्रेस, आणि हलवायचंच तर मार्च-एप्रिलच्या लग्नसराईच्या आधी नाही, पावसाळ्यात, तिच्याकडे तेव्हा काम कमी असतं.

तिने डॉट इनचं डोमेन घेतलं आणि परवा पहिली पोस्ट टाकली, ब्लाऊजची मापं अंगावरून कशी घ्यायची, सोळा फोटो, टेप कुठे सैल धरायची आणि कुठे घट्ट ते बोट ठेवून दाखवलंय. पत्ता हाताने टाकायला विसरली होती, मग पोस्ट परत ड्राफ्टमध्ये घ्यायला लावली, पत्ता बदलला आणि पुन्हा पब्लिश केली. आता कटोरीवर लिहितेय, मला रात्री साडेदहाला फोटो येतात.