कोर्समधली चित्रं: थेट गिटमध्ये की गिट एलएफएसमध्ये?

नवशिक्यांच्या कोर्सची रिपॉझिटरी (फाइल आणि त्यांचा इतिहास ठेवायची जागा) गिट या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात बनवताना स्क्रीनशॉट कुठे ठेवायचे, यावर गाडी हमखास अडते.

एलएफएस (लार्ज फाइल स्टोरेज) म्हणजे मोठ्या फाइल गिटच्या इतिहासाबाहेर वेगळ्या ठेवणारी जोड. जागेच्या बाबतीत एलएफएस सरस. गिट पीएनजीची प्रत्येक बदललेली आवृत्ती जवळपास अख्खी साठवतं: ४०० केबीचं चित्र १० वेळा बदललं की इतिहासात सुमारे ४ एमबी, फाइल डिलीट केली तरी ते तिथेच. एलएफएसमध्ये गिटकडे फक्त ३ ओळींचा पॉइंटर, म्हणजे खऱ्या फाइलकडे बोट दाखवणारा मजकूर राहतो.

शिकणाऱ्याच्या सोयीचं काय? खरी गोम इथेच आहे. एलएफएस इन्स्टॉल नसेल तरी क्लोन (रिपॉझिटरीची आपल्या कॉम्प्युटरवरची प्रत) बिनतक्रार होतो, पण चित्राच्या फाइलमध्ये तो पॉइंटरच सापडतो आणि नवशिक्याला वाटतं आपलंच चुकलं. हे त्याच्या माथी मारू नये. शिवाय गिटहब पेजेसवर (रिपॉझिटरीतून वेबसाइट दाखवणारी सेवा) एलएफएस चालत नाही.

म्हणून साध्या स्क्रीनशॉटसाठी थेट गिट. मात्र पहिल्या कमिटच्या (बदल इतिहासात नोंदवण्याच्या) आधीच रुंदी १२०० पिक्सेलपर्यंत आणा, पीएनजी कॉम्प्रेस करा. आकृत्या शक्यतो एसव्हीजी या मजकुरावर आधारलेल्या चित्र-फॉरमॅटमध्ये.

मोठ्या फोटोंच्या किंवा पीएसडीच्या (फोटोशॉपच्या) मूळ फाइल फक्त लेखकांनाच लागत असतील, तर त्या वेगळ्या रिपॉझिटरीत एलएफएसवर. तिथे ‘गिट एलएफएस ट्रॅक’ ही कमांड फाइल अ‍ॅड करण्याआधी द्या. आधीच कमिट झालेल्या आवृत्त्या ती हलवत नाही.