हिरावलेल्या सुडाची कादंबरी: कोतारो इसाका यांची ‘थ्री असॅसिन्स’

तोक्योतल्या एका चौकात काळे धंदे करणाऱ्या तेराहाराचा मुलगा अचानक धावत्या गाड्यांच्या वाटेत येतो आणि क्षणात चाकाखाली जातो. ज्याची बायको याच मुलाने बेदरकारपणे गाडी चालवून मारली होती, तो सुझुकी ही घटना डोळ्यांनी पाहतो. सूड घेता यावा म्हणून त्याने शिक्षकाची नोकरी सोडलेली असते, खोटेपणाने तेराहाराच्या कंपनीत शिरकाव करून घेतलेला असतो आणि रस्त्यावर उभे राहून अनोळखी तरुणींना संशयास्पद माल विकण्याची शरमही गिळलेली असते. एवढे सगळे ज्याच्यासाठी केले, तो माणूस दुसऱ्याच कोणाच्या तरी हाताने मरतो. कोतारो इसाका यांची कादंबरी इथे, म्हणजे जवळजवळ आरंभीच, आपल्या नायकाचा सूड काढून घेते आणि मग उरलेली सगळी पाने त्या रिकाम्या हातांच्या माणसाबरोबर चालत राहते. सूडकथा म्हणून पुस्तक उघडणाऱ्याला ही सुरुवात प्रथम चुकल्यासारखी वाटेल, पण मला या कादंबरीचे सर्वांत मोठे बळ याच निर्णयात दिसते.

मूळ जपानी कादंबरी 2004 साली ‘ग्रासहॉपर’ या नावाने प्रसिद्ध झाली आणि जपानमधल्या नाओकी या प्रतिष्ठित साहित्य पुरस्काराच्या अंतिम यादीत पोहोचली. सॅम मॅलिसा यांनी केलेला इंग्रजी अनुवाद 2022 मध्ये ‘थ्री असॅसिन्स’ म्हणून आला आणि मी तोच वाचला आहे. इसाका यांची ओळख बहुतेकांना ‘बुलेट ट्रेन’मुळे झाली, कारण ब्रॅड पिट यांच्या चित्रपटाने ती कादंबरी जगभर नेली. मात्र जपानमध्ये ‘ग्रासहॉपर’ आधीची आहे आणि ‘बुलेट ट्रेन’ नंतरची, म्हणजे 2010 सालची. नंतरच्या पुस्तकात इथल्या काही माणसांचे संदर्भ येतात, त्यामुळे दोन्ही वाचायची असतील तर इंग्रजी प्रकाशनाचा क्रम बाजूला ठेवून आधी हेच पुस्तक हाती घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

नाव बदलल्याने थोडे नुकसान झाले आहे. ग्रासहॉपर म्हणजे आपला नाकतोडा, आणि कादंबरीच्या पहिल्याच पानांत सुझुकीला आपल्या प्राध्यापकांचे बोलणे आठवते: नाकतोडे दाटीवाटीने वाढले की त्यांचा रंग काळपट होतो, पंख लांबतात, स्वभाव हिंस्र होतो, आणि माणसांचेही तसेच आहे. यामागचे शास्त्र खरे आहे. एकटा राहणारा नाकतोडा आणि धाड घालणारा टोळ ही काही जातींमध्ये एकाच किड्याची दोन रूपे असतात, हे कीटकशास्त्रज्ञ बोरिस उवारोव्ह यांनी 1921 साली मांडले होते. मराठी वाचकाला टोळधाड हा शब्द पुरेसा बोलका आहे. तोक्योच्या फुटपाथवर खांद्याला खांदा लावून चालणाऱ्या, पण एकमेकांकडे न पाहणाऱ्या गर्दीचे वर्णन वाचताना ही एकच उपमा सबंध कादंबरीवर सावलीसारखी पसरलेली जाणवते. इंग्रजी नाव मारेकऱ्यांची संख्या सांगते, मूळ नाव ते मारेकरी कशातून निपजले ते सुचवते.

मारेकरी तीन आहेत आणि तिघांचीही हत्यारे विलक्षण आहेत. पहिला ‘देवमासा’ म्हणजे व्हेल, जो कोणालाही स्वतःच्या हाताने मारत नाही. तो समोर उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांत पाहिले की माणसाच्या मनातली जुनी अपराधी भावना उफाळून येते आणि तो आपणहून गळफास लावून घेतो. राजकारण्यांना नकोसे झालेले साक्षीदार अशा रीतीने ‘आत्महत्या’ करतात. हा धिप्पाड माणूस आयुष्यभर एकच कादंबरी वाचत आला आहे, ती म्हणजे दोस्तोयेव्हस्कीची ‘क्राइम अँड पनिशमेंट’, आणि मेलेली माणसे अधूनमधून त्याच्याशी येऊन बोलतात. दुसरा ‘सिकाडा’ (झाडावर बसून कर्कश किर्र आवाज करणाऱ्या किड्याचे नाव), सुरा चालवणारा तरुण, अखंड बडबड करणारा आणि सुपाऱ्या आणणाऱ्या आपल्या दलालाच्या हातातली बाहुली बनल्याच्या विचाराने आतून धुमसणारा. तिसरा नुसता ‘ढकलणारा’: गर्दीत मागून हलकासा धक्का द्यायचा आणि पोलिसांनी अपघाताची नोंद करायची.

यांपैकी सिकाडाच्या एका प्रसंगाने मला थांबवले. तो लहान शिंपले विकत आणतो, वाळू सोडावी म्हणून पाण्यात ठेवतो आणि त्यांनी सोडलेले बुडबुडे तासन्‌तास पाहत बसतो. त्याच्या मनात येते की माणसांचा श्वासही असा बुडबुड्यांच्या रूपाने दिसला असता, तर समोरचा जिवंत आहे हे आपल्याला अधिक कळले असते. त्यानंतर तो ते शिंपले शिजवून खातो. याच माणसाने आधीच्या प्रकरणात एका घरात शिरून हात न थरथरता माणसे मारलेली असतात. इसाका यांनी इथे पश्चात्तापाचा एक शब्दही लिहिलेला नाही. पाण्याचे भांडे, बुडबुडे आणि भुकेला तरुण एवढेच ठेवले आहे, आणि तेवढ्यावरून या मुलाच्या आत काय मेले आहे व काय अजून धुगधुगते आहे, हे दोन्ही दिसते.

सुझुकीची गोष्ट याच्या अगदी उलट दिशेने जाते. कंपनीने त्याची निष्ठा तपासण्यासाठी गाडीच्या मागच्या आसनावर बेशुद्ध पडलेल्या तरुण-तरुणीवर गोळी झाडायला सांगितलेले असते, आणि त्यातल्या तरुणाचा चेहरा त्याला एका जुन्या विद्यार्थ्याची आठवण करून देतो. तेवढ्यात तो अपघात घडतो आणि ढकलणाऱ्याचा पाठलाग करण्याचे काम सुझुकीवर येते. पाठलाग संपतो तो एका साध्यासुध्या घरापाशी, जिथे बायको आहे, दोन मुलगे आहेत आणि धाकटा नेहमी कुजबुजतच बोलतो. सुझुकी शिकवणी घेणारा शिक्षक असल्याची थाप मारून त्या घरात शिरतो. या माणसाचा पत्ता कंपनीला कळवला तर त्या मुलांचे काय होईल हे त्याला पुरते ठाऊक असते, आणि मृत बायकोचे ‘करायलाच हवे’ या अर्थाचे पालुपद त्याच्या कानात घुमत असते. नेमके काय करायला हवे, हेच मात्र त्याला कळत नाही. या घरातली प्रकरणे मला सर्वांत जास्त आवडली. एकही शस्त्र न दाखवता इसाका इथे श्वास रोखून धरायला लावतात.

जपानमध्ये सुडाला एके काळी कायद्याचे अंग होते, हे लक्षात घेतले तर सुझुकीचे एकटेपण अधिक खोल वाटते. एदो काळात, म्हणजे सतराव्या शतकापासून 1868 पर्यंतच्या सामुराई राजवटीत, ‘काताकिउची’ म्हणजे वैऱ्याचा बदला घेण्यासाठी सामुराई आपल्या सरदाराची परवानगी घेत असे. ती मुभा साधारणपणे धनी किंवा आईवडिलांसारख्या थोरांच्या हत्येसाठीच असे, बायकोसाठी नव्हे. 1873 साली त्यानंतर आलेल्या मेइजी सम्राटाच्या सरकारने ही प्रथा गुन्हा ठरवून बंद केली. गणित शिकवणारा सुझुकी या परंपरेत कुठेच बसत नाही. त्याच्यामागे ना घराणे, ना प्रतिष्ठेचा प्रश्न. आहे ती फक्त एका बाईची आठवण. त्याला खून जमत नाही याचा कमीपणा लेखकाने त्याला कुठेही येऊ दिलेला नाही, आणि याबद्दल मला लेखकाविषयी आदर वाटतो.

उणिवाही आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. स्त्री पात्रे फारच पातळ राहिली आहेत. कंपनीतली हियोको केवळ निर्दय आहे, तर सुझुकीची बायको केवळ आठवणीत राहण्यापुरती आहे. मधल्या भागात तीन कथानके एकमेकांच्या जवळ आणण्यासाठी योगायोगांचा वापर हात सैल सोडून केला आहे. व्हेलच्या भुतांशी होणाऱ्या गप्पा दोन-तीन वेळा परिणामकारक वाटतात, त्यानंतर त्यांचा भार होतो. सिकाडाचा दलाल एका काल्पनिक गायकाची वचने सतत फेकत राहतो, त्यात आरंभी मजा आहे, पण ती लवकर ओसरते. ‘बुलेट ट्रेन’चा वेग आणि चटपटीतपणा शोधणाऱ्याला हे पुस्तक मंद आणि उदास वाटण्याचा संभव आहे. हिंसेची वर्णने थोडक्यात आहेत, तरी थंड आहेत, आणि आत्महत्येचे प्रसंग वारंवार येतात. त्या विषयाने ज्यांना त्रास होतो, त्यांनी हे आधीच जाणून घ्यावे.

अनुवादाची भाषा साधी, आखूड वाक्यांची आहे आणि ती या कथेला शोभते. प्रत्येक प्रकरण आळीपाळीने सुझुकी, व्हेल आणि सिकाडा यांच्या नजरेतून येते, त्यामुळे ढकलणारा शेवटपर्यंत बाहेरूनच दिसत राहतो, आणि त्याच्याविषयीचे कुतूहल टिकून राहते ते यामुळेच.

वाचणाऱ्याला एकच सूचना द्यावीशी वाटते. पुस्तकात एका ठिकाणी भ्रम कसा ओळखावा, त्याच्या खुणा कोणत्या, याविषयी जाता जाता एक बोलणे होते. ते घाईत ओलांडू नका. शेवटच्या पानावर मी आधी सुटकेचा निःश्वास टाकला होता. मग ते बोलणे आठवले, मी पुस्तक उलटे चाळत तिथपर्यंत गेलो, आणि शेवटचे पान पुन्हा एकदा सावकाश वाचले.