लिव्हिंग विल लिहून ठेवावे की घरच्यांवर सोपवावे?

व्हेंटिलेटर लावायचा का, हा प्रश्न आयसीयूच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या मुलाला, सुनेला किंवा पत्नीला विचारला जातो, कारण रुग्ण तोपर्यंत बोलण्याच्या स्थितीत राहिलेला नसतो. आपले मत आधीच लिहून ठेवण्याची, म्हणजेच लिव्हिंग विल करण्याची, कायदेशीर सोय सर्वोच्च न्यायालयाच्या ९ मार्च २०१८ च्या निकालाने झाली, तरी बहुतेक घरांत "मला नळ्यांवर ठेवू नका" एवढे तोंडी सांगून विषय संपतो. दोन्ही मार्गांत मुद्दा बरे होण्याची आशा संपल्यावर कृत्रिम आधार थांबवण्याचाच आहे. इंजेक्शन देऊन मृत्यू घडवणे कोणत्याही मार्गाने बेकायदेशीरच आहे.

तोंडी मार्गाची सोय खरी आहे. साठीत असताना पुढे कोणता आजार होईल हे कोणालाच माहीत नसते, त्यामुळे प्रत्यक्ष परिस्थिती पाहून जवळच्यांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावे, हा विचार चुकीचा म्हणता येणार नाही. जिवंतपणी असा कागद करणे अनेकांना अशुभ वाटते, आणि त्या भावनेचाही मान राखायला हवा.

अडचण येते ती घरात एकमत नसते तेव्हा. जवळ राहून सेवा करणारी मुलगी "आता पुरे" म्हणते आणि परदेशातून आलेला भाऊ "शक्य ते सगळे करा" म्हणतो. दोघांचेही प्रेम खरे असते, पण आईला काय हवे होते हे दोघेही पुराव्याने सांगू शकत नाहीत. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या बाबतीत हाच पेच न्यायालयापुढे आला होता. नोव्हेंबर १९७३ मधील हल्ल्यानंतर त्या कधीच सावरल्या नाहीत. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, हे २०११ मध्ये न्यायालयाला ठरवावे लागले, आणि त्यांची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा शब्द मानला गेला. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची स्वतःची इच्छा काय होती, हे कोणालाच कळू शकले नाही.

लेखी मार्ग पूर्वी फार किचकट होता, कारण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत असे. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशानंतर दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. आपल्या वतीने बोलणाऱ्या व्यक्तींची नावे त्यात घालता येतात, आणि एक प्रत महापालिका किंवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवता येते. गोव्यात २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतः असे इच्छापत्र नोंदवले.

कागद असला की डॉक्टर घाईने उपचार थांबवतील, ही भीती मात्र निराधार आहे, कारण कागद असो वा नसो, प्रत्येकी तीन डॉक्टरांच्या दोन मंडळांनी संमती द्यावी लागते. कागद नसलेली अनेक कुटुंबे या प्रक्रियेपर्यंत पोहोचतच नाहीत. ती डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सही करून रुग्णाला घरी नेतात, आणि तिथे वेदनाशमनाची कसलीच व्यवस्था नसते. मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ते हेच.

जोडीदार आणि मुले एकाच विचाराची असतील, तर सर्वांना एकत्र बसवून केलेले स्पष्ट बोलणे बहुधा पुरेल. एकट्या राहणाऱ्यांनी, मुले विखुरलेल्या दांपत्यांनी आणि गंभीर आजाराचे निदान झालेल्यांनी मात्र लिहूनच ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. स्मृतिभ्रंशाची सुरुवात असेल तर हे काम विशेष तातडीचे आहे, कारण लिहिणारा सही करताना पूर्ण भानावर असणे आवश्यक असते. मत बदलले तर ते केव्हाही लेखी रद्द करता येते आणि सर्वांत अलीकडचा कागद ग्राह्य धरला जातो. त्यामुळे त्यावर तारीख ठळक घालावी, आणि कपाटात कुलूपबंद न ठेवता एक प्रत फॅमिली डॉक्टरांना व एक दूर राहणाऱ्या मुलाला आजच द्यावी.